इथे गोरं करून मिळत नाही

आमच्या भागात दिवाळीच्या तयारीला पार्लरमध्ये आलेली बाई आधी पाय पुढे करते, तोंड मागाहून. शहरातल्या लोकांना हे सांगितलं की ते हसतात. पण आमच्याकडे दिवाळी येते ती धान कापणीच्या ऐन गर्दीत. पावसाळ्यात रोवणीला बाया महिना-दीड महिना बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या, चिखलात उभ्या असतात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. त्या बऱ्या होतात न होतात तोच जमीन सुकायला लागते आणि टाचा फुटतात. मग लवकर पिकणारा हलका धान कापायला येतो आणि त्याचे खुंट नेमके त्या फुटलेल्या टाचांत घुसतात. असे पाय घेऊन भाऊबीजेला माहेरी कसं जायचं, हा प्रश्न घेऊन बाया सडक अर्जुनीला माझ्याकडे यायच्या.

मी शोभा. महामार्गाला लागून असलेल्या गाळ्यात मी सत्तावीस वर्षं लेडीज ब्यूटी पार्लर चालवलं. आता पुतणी चालवते आणि मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसून तिच्या चुका काढते. माझं शिक्षण दहावी, त्यावर गोंदियात केलेला तीन महिन्यांचा कोर्स. कोर्समध्ये चेहऱ्याचे प्रकार शिकवले, भुवयांचे आकार शिकवले. पायांचं काही शिकवलं नव्हतं. ते मला कांताबाईनं शिकवलं.

कांताबाई हायवेपासून दहा-बारा किलोमीटर आत, जंगलाकडच्या एका गावात राहते. माहेर चिचगडकडचं. पार्लर उघडलं त्या पहिल्याच दिवाळीच्या आधी ती आली, स्टुलावर बसली आणि दोन्ही पाय माझ्या मांडीजवळ आणून ठेवले. मी कोर्समध्ये मिळालेली गुलाबी क्रीम काढली. तिनं ती हुंगली आणि परत माझ्या हातात दिली.

"हे तुझ्या तोंडाले लाव," ती म्हणाली. "माह्या पायाले हे पुरत नाई."

तिनं पिशवीतून बाटली काढली. मोहाच्या बियांचं तेल, ज्याला आमच्याकडे टोरीचं तेल म्हणतात. थंडी पडली की ते तुपासारखं गोठतं. तिनं मला ते पाण्यात बाटली ठेवून पातळ करायला लावलं, पाय कोमट पाण्यात किती वेळ ठेवायचे ते सांगितलं, टाच घासायला दगड कसा धरायचा ते दाखवलं, आणि शेवटी वर म्हणाली, "आता शिकली. आता पैसे घे." त्या वर्षापासून माझ्या पार्लरमध्ये टोरीचं तेल आलं. तिच्या गावच्या सगळ्या बायाही आल्या. चार-चार, पाच-पाच जणी मिळून जीपनं यायच्या, बादल्यांत पाय सोडून ओळीनं बसायच्या आणि सासवांची, सुनांची, सरपंचाची सगळ्यांची उजळणी व्हायची. मला पेपर घ्यावा लागत नसे.

या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते, ती सांगते. सणाच्या आदल्या दिवशी तोंडावर नवं काहीही करू नये. ब्लीच असो, फेशियल असो, घरचं उटणं का असेना, ते आधी कानामागे नाहीतर कोपराच्या आत लावून बघायचं, एक दिवस थांबायचं, आणि मग आठ-दहा दिवस आधी काम उरकायचं. कातडीला सण कळत नाही. तिला चिडायचं असलं तर ती लक्ष्मीपूजनाच्या दिवशीही चिडते. हे मी हजार वेळा सांगितलं आणि हजार बाया धनत्रयोदशीच्या संध्याकाळी धापा टाकत आल्या.

बायाच कशाला. एकदा दिवाळीच्या तीन दिवस आधी एक ट्रक समोर थांबला आणि साठीला टेकलेला ड्रायव्हर उतरून दारात उभा राहिला. मी बोर्डाकडे बोट दाखवलं. "लेडीज लिखा है, भैया."

"पढ़ा मैंने," तो म्हणाला. "बस ये देख लो." त्यानं दोन्ही हात पुढे केले. उजवा हात कोळशासारखा, डावा गव्हासारखा. ड्रायव्हरचा उजवा हात चाळीस वर्षं खिडकीबाहेर असतो, त्याला ऊन लागतं. डावा आत सावलीत. "पोती पूछती है, दादू, एक हाथ किसका लगवा लिया? दिवाली में घर जा रहा हूँ. दोनों एक जैसे कर दो."

आत घेता येत नव्हतं. मी बाहेर कडुलिंबाखाली स्टूल टाकलं, बेसन, दही आणि हळद कालवून त्याच्या उजव्या हाताला लावलं, आणि खरं तेच सांगितलं, की हे धुतल्यावर हात मऊ होईल, एकसारखा होणार नाही. त्याला पूर्ण बाहीचा शर्ट घालून काही महिने थांबावं लागेल. तो सगळं निमूट ऐकून गेला. होळीच्या सुमारास तोच ट्रक हॉर्न देत समोरून गेला. खिडकीत उजव्या हाताला जुन्या शर्टाची एक बाही तेवढी ओढलेली होती. डावा उघडा. आता डावा हात काळा व्हायची वाट बघत असावा.

हे गमतीचं झालं. पण मला जे सांगायचंय ते दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीचं आहे, आणि त्यात चूक माझी आहे.

कांताबाईची मुलगी निकिता. तिच्या पहिल्या भुवया मी केल्या, दहावीच्या निरोप समारंभासाठी. पुढे तिनं बी. ए. केलं, कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि गावच्या ग्रामपंचायतीत दाखले काढून द्यायच्या कामाला लागली. रंगानं आईवर गेलेली, सावळी. नाकीडोळी ठसठशीत. बोलायला आईपेक्षा जरा मऊ, पण थोडीशीच.

ती नोकरीला लागली त्या वर्षी माझ्याकडे एक विक्रेता यायचा. शहराकडून मोटरसायकलवर माल आणायचा. त्यानं एक ट्यूब आणली होती. पांढरी, वर एक गुलाबी फूल, आत काय आहे ते इतक्या बारीक अक्षरांत की चष्म्यानंही वाचता येऊ नये. "मॅडम, आठ दिन में रिझल्ट," तो म्हणाला. "दूध-बदाम का माल है." मी एका बाईला दिली आणि खरंच आठ दिवसांत तिचं तोंड उजळलं. दुसरीला दिली, तिसरीला दिली. दूध-बदामानं आठ दिवसांत कुणी गोरं होत नाही, एवढं कळायला दहावीही लागत नाही. मला ते कळत होतं. मी विचारलं नाही. बाया खूश होत्या, मी खूश होते, आणि पार्लरच्या बोर्डावर मी नव्यानं एक ओळ रंगवून घेतली होती: 'आठ दिवसांत गोरेपणा'.

निकिताला मीच ती ट्यूब दिली. गालावर वांगासारखा डाग आला होता, तेवढ्यापुरती. "पंधरा दिवस लाव," म्हटलं. पुढे तो विक्रेता यायचा बंद झाला आणि मी ती गोष्ट विसरून गेले. निकिता विसरली नव्हती. तिच्या गावच्या किराणा दुकानातच ती ट्यूब मिळायला लागली होती.

दोन वर्षांपूर्वी कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी ती पार्लरमध्ये आली. लग्न जमलं होतं. मुलगा दरेकशाकडचा, राकेश नावाचा. गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये मशीन सांभाळतो. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, नाटक होतं, पाहुणेरावळे येतात, आणि सोयरिकी पक्क्या होतात. निकिताच्या गावची मंडई झाली की दुसऱ्या दिवशी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, असं ठरलं होतं. "काकू, ब्लीच करून दे," ती म्हणाली. "थोडं लाल-लाल होऊन राहिलं, ते झाकून जाईल."

मी तिला खिडकीच्या उजेडात बसवलं. गोरी दिसत होती, पण तो गोरेपणा मला पाहवला नाही. कातडी कांद्याच्या सालीसारखी पातळ. गालावर बारीक लाल शिरा. कानशिलापाशी मऊ लव वाढलेली, हनुवटीवर पुरळ. मी फक्त कापूस पाण्यात भिजवून लावला तर ती "आग होते" म्हणत मागे सरली.

"काय लावते तोंडाले?" मी विचारलं.

"काही नाई. नेहमीचीच ट्यूब."

"दाखव."

तिनं पर्समधून काढली. पांढरी, वर गुलाबी फूल.

मी ती हातात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. बादलीत पाय सोडून बसलेली एक बाई म्हणाली, "काय झालं वो शोभाबाई?" मी म्हटलं, काही नाही. निकिताला म्हटलं, आज ब्लीच होणार नाही. उद्या माझ्यासोबत गोंदियाला चल.

तिला राग आला. पैसे जास्त हवेत का, असंही विचारून झालं. मग मी सांगितलं की मला भीती वाटून राहिली. इतक्या वर्षांत मी हे वाक्य कुठल्या गिऱ्हाइकाला म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती आली.

गोंदियाच्या कातडीच्या डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या. त्यांनी ट्यूब पाहिली आणि कपाळाला हात लावला नाही, सुस्कारा टाकला नाही. टेबलाचा खण उघडून दाखवला. आत तसल्याच दहा-बारा ट्यूबा पडलेल्या. "या महिन्यातल्या," त्या म्हणाल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं. आतमध्ये स्टेरॉइड आहे. ते औषधच आहे, पण ते डॉक्टरच्या सांगण्यावरून, ठरावीक जागी, थोडे दिवस लावायचं. तोंडाला वर्षानुवर्षं लावलं की कातडी त्याच्यावरच जगायला लागते. आणि सोडलं की चेहरा आधी जास्त बिघडतो, मग सुधारतो.

"किती दिवस बिघडतो?" निकितानं विचारलं.

"काही आठवडे. कधी काही महिने."

"महिन्याच्या आत माझं साक्षगंध हाये."

"मग तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत," त्या म्हणाल्या. "साक्षगंधात गोरं दिसायचं असेल तर ट्यूब लावत राहा. बरं व्हायचं असेल तर आजपासून माझं ऐका. मेकअप नाही, ब्लीच नाही, उटणंसुद्धा नाही."

परतीच्या बसमध्ये निकिता खिडकीकडे तोंड करून बसली होती. कोहमाऱ्याचा फाटा आला तेव्हा म्हणाली, "काकू, त्यानं मले गोरी पाहून पसंत केलं. फोटो बी तसेच गेले."

मी म्हटलं, "पहिली ट्यूब मी दिली होती तुला."

"मले माहीत हाये," ती म्हणाली.

घरी जाऊन मी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी कांताबाईला गाठायला तिच्या गावी गेले. ती बांधीत धान कापत होती. सोबत पाच-सहा जणी, सगळ्या माझ्या ओळखीच्या पायांच्या. मी बांधावर उभी राहिले आणि जे काय ते सांगितलं. कांताबाई विळा चालवतच होती. माझं संपलं तेव्हा ती सरळ झाली.

"पोट्टीनं सांगतलं मले," ती म्हणाली. "तिले गोरी होताना पाहून मी बी खूश झाली होती. तुले एकटीले काय बोलू? पण आता साक्षगंध हाये. पाहुने येतीन, तोंड पाह्यतीन. तू सांग मले, मी त्यायले काय सांगू?"

ती पुन्हा वाकली आणि कापायला लागली. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. त्या दिवाळीच्या आधी तिच्या गावातून कुणीच आलं नाही. बादल्या पालथ्या पडून राहिल्या. त्या बायांच्या गप्पांशिवाय पार्लर मला दवाखान्यासारखं वाटायला लागलं.

मी पेंटरला बोलावून बोर्डावरची ती ओळ पुसून घेतली. पुसल्यावर तिथे पांढरा पट्टा राहिला, तो वाईट दिसत होता, म्हणून पेंटरनं विचारलं, काय लिहू? मी म्हटलं, लिही, 'इथे गोरं करून मिळत नाही'. पेंटरनं दोनदा विचारून खात्री केली. दुसऱ्याच दिवशी एक बाई बोर्ड वाचून आत डोकावली आणि म्हणाली, "मंग पार्लर काऊन उघडं ठेवलं?" तिला मी बसवून चहा पाजला, स्वच्छ तोंड धुऊन दिलं, भुवया केल्या. ती आरशात पाहत म्हणाली, "बरी तं दिसून राहिली मी." मी म्हटलं, तेवढंच करतो आम्ही.

निकिता दिवसाआड यायची. ग्रामपंचायतीचं काम आटोपून दुपारच्या बसनं. डॉक्टरीणबाईंनी दिलेलं औषध आणि साधा मलम, एवढंच. मला करण्यासारखं काही उरलं नव्हतं; थंड पाण्यात मऊ सुती कापड पिळून तिच्या गालांवर ठेवायचे, एवढंच माझं ब्यूटी पार्लर. पहिल्या आठवड्यात तोंड सुजलं. दुसऱ्या आठवड्यात टोमॅटोसारखं लाल झालं आणि आग व्हायला लागली. ती स्कार्फ बांधून यायची, आत आली की सोडायची. एकदा आरशासमोरून जाताना तिनं स्वतःकडे पाहिलं आणि म्हणाली, "काकू, आरशाले पडदा लाव." मी लावला. ब्यूटी पार्लरमध्ये आरसा झाकलेला, असं माझ्याकडेच झालं असेल.

राकेशचा फोन यायचा. ती बोलायची, पण व्हिडिओ लावायची नाही. "रेंज नाई," म्हणायची. जंगलाकडे रेंज नसते, त्यामुळे खोटं वाटायचं नाही. गंमत म्हणजे त्याच्याकडूनही व्हिडिओ येत नव्हता. साक्षगंधाच्या आधीचा होणारा नवरा आणि तोंड बघायची घाई नाही, हे मला जरा चमत्कारिक वाटलं होतं. मनात नको तेही येऊन गेलं. पण माझ्याच चुकीच्या ओझ्याखाली मी होते, दुसऱ्याचं कुठे शोधू.

दिवाळीला सहा दिवस राहिले होते. निकिता गालावर कापड ठेवून खुर्चीत रेलली होती. एकदम उठून बसली. "काकू, मी त्याले आजच दाखवतो," ती म्हणाली. आमच्याकडच्या पोरी 'दाखवते' म्हणत नाहीत. "साक्षगंधात सगळ्यांच्या समोर त्यानं नाही म्हटलं तं आईचं काय होईन? आज म्हनू दे, काय म्हनायचं ते."

मी म्हटलं, उद्या कर, सूज जरा उतरू दे. ती म्हणाली, "उद्या मी भेईन." आणि तिनं व्हिडिओ कॉल लावला.

पहिल्यांदा त्यानं कापला. दुसऱ्यांदाही कापला. तिसऱ्यांदा उचलला. मी मागे उभी होते, मला मोबाइलचा पडदा दिसत होता. त्यात डोळे तेवढे दिसत होते. बाकी नाकापासून हनुवटीपर्यंत दुपट्टा गुंडाळलेला.

"तोंडाले काऊन बांधलं?" निकितानं विचारलं. तिचं स्वतःचं तोंड लालभडक, ओल्या कापडाचं पाणी गळतंय, ते ती विसरूनच गेली.

"धूळ हाये इथं."

"खोलीत हाये तू. मागं कॅलेंडर दिसते."

तो म्हणाला, "तुह्या तोंडाले काय झालं?"

"ट्यूब लावत होती मी. गोरी व्हायले. डॉक्टरनं बंद केली. आता असंच राहील लय दिवस, आणि मग मी कारी होईन, पहिल्यासारखी. फोटोतली मी नाही. तुले नाही म्हनाचं असंन तं आताच म्हन."

एका दमात बोलली. मी मागून तिचं मनगट धरलं. मोबाइलवरचे डोळे हलत नव्हते. मला वाटलं, खरंच रेंज गेली.

मग त्यानं दुपट्टा सोडला.

त्याचं तोंड तिच्यापेक्षा लाल होतं. नाकाच्या दोन्ही बाजूंना पुरळ, दाढीच्या जागी खपल्या.

"मिलीत कोंडा उडते," तो म्हणाला. "तोंड लय खाजवे. दोस्तानं एक ट्यूब देल्ली. खाज गेली, वरून गोरा झालो. तुह्या घरी पाहाले आलो तेव्हा गोराच होतो. दोन हप्त्यापासून दुकानात ट्यूब आली नाही, तं हे असं झालं. मले वाटलं, तू पाहशीन तं नाही म्हनशीन."

"कोनती ट्यूब?" निकितानं विचारलं.

"पांढरी. गुलाबाचं फूल हाये वरती."

निकितानं माझ्याकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं आणि हसायला लागली. गोंदियाला गेल्यापासून पहिल्यांदा. हसताना गाल ताणले की तिला दुखायचं, म्हणून "आई गं" म्हणत हसत होती. तो आधी बावरला, मग तोही हसायला लागला आणि त्यालाही दुखायला लागलं. शेवटी दोघंही गाल धरून एकमेकांना म्हणत होते, नको ना हसवू.

पुढच्या दोन दिवसांत मी त्या दोघांना घेऊन गोंदियाला गेले. घरच्यांच्या पाहणीनंतर ती दोघं पहिल्यांदा एकमेकांच्या शेजारी बसली ती कातडीच्या डॉक्टरच्या बाकावर, मधे मी. डॉक्टरीणबाईंनी त्याचीही ट्यूब खणात टाकली. राकेशनं विचारलं, साक्षगंधाच्या दिवशी थोडी पावडर चालेल का. त्या म्हणाल्या, "तिला नाही म्हटलं, तर तुम्हाला कशी हो म्हणू?"

तोंड पूर्ण बरं व्हायला दोघांनाही बरेच महिने लागले. लग्नापर्यंत निकिता तिच्या मूळच्या सावळ्या रंगावर आली होती आणि तोही. ते नंतरचं. साक्षगंधाच्या दिवशी मात्र चेहरे लालच होते. सूज उतरली होती, खपल्या गेल्या होत्या, पण लाली गालांवर, नाकावर आणि कपाळावर जशीच्या तशी.

मला बोलावणं निकिताचं होतं, कांताबाईचं नाही. मी सकाळी जाऊन तिचे केस बांधले, शेवंतीची वेणी माळली, काजळ घातलं, टिकली लावली. तोंडाला हात लावला नाही. आयुष्यात इतकी कमी मेहनत घेतलेली नवरी मी तयार केली नव्हती आणि इतकी घाबरलेही नव्हते. बाहेर अंगणात मांडव होता. आदल्या रात्रीच्या मंडईतले पाहुणे अजून डोळे चोळत होते. कांताबाई नवं लुगडं नेसून चुलीकडे आणि मांडवाकडे ये-जा करत होती आणि माझ्याजवळून जाताना नजर दुसरीकडे ठेवत होती.

दोघांना पाटावर बसवलं. फोटोग्राफर गोंदियाचा होता. त्यानं कॅमेऱ्यात पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, थोड़ा पाउडर मार दो दोनों को. बहुत लाल आ रहे हैं."

"आने दो," मी म्हटलं.

मांडवात कुजबुज सुरू झाली. बायका एकमेकींच्या कानाला लागल्या. कुणीतरी विचारलं, पोरीच्या तोंडाला काय झालं वो. दुसरी म्हणाली, पोराचंही तसंच दिसते. कांताबाई हातातलं ताट धरून जागीच उभी राहिली. आता कुणी सरळ विचारलं तर मी उठून सांगणार होते, हे मी घरून ठरवून आले होते. मी पदर सावरून उठायलाही लागले.

तेवढ्यात राकेशची आत्या पुढे आली. सत्तरी पार केलेली, दरेकशाकडच्या डोंगरात वाढलेली, कमरेत वाकलेली पण आवाज खणखणीत. दोघांच्या अगदी जवळ जाऊन तिनं डोळे बारीक करून पाहिलं. आधी तिच्याकडे, मग त्याच्याकडे.

"पाहा वो बायाहो," आत्या म्हणाली, "दोघंबी किती लाजून राहिले. आजकालच्या पोरायमंदी अशी लाज कोठी राहिली?"

निकितानं मान खाली घातली. राकेशनंही घातली. खांदे हलत होते दोघांचे. लोकांना वाटलं, आणखी लाजले. मांडवभर "हो ना वो, हो ना" झालं, कुणी तरी टाळ्या वाजवल्या आणि भटजींनी पुढचं सुरू केलं.

मी कांताबाईकडे पाहिलं. ती माझ्याकडेच पाहत होती. तिचे ओठ घट्ट मिटलेले, नाकपुड्या फुगलेल्या, डोळ्यांत पाणी. ती ताट घेऊन तशीच घराच्या मागे गेली. मी मागोमाग गेले. चुलीपाशी ती पदर तोंडात कोंबून हसत होती. मला पाहिल्यावर तिनं हातानंच थांब म्हटलं, मला बोलू दिलं नाही. मीही बोलले नाही. दोघी धुराजवळ उभ्या राहून पोट धरून हसलो आणि हसता हसता तिचं जरा रडूनही झालं.

मग तिनं डोळे पुसले, वरणाची बादली उचलली आणि माझ्या हातात दिली.

"उभी काऊन हायेस?" ती म्हणाली. "पाहुने बसले. वाढाले लाग."